धोबी तलाव ते कामोठे : मुंबई परिसरातील गिटारची खरेदी, पारख आणि मालकी – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

गिटार हे वाद्य मुंबईत एका विशिष्ट समाजाच्या सांगीतिक परंपरेतून आले, नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या काळात दुर्मीळ राहिले आणि उदारीकरणानंतर नव्या उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. या तिन्ही टप्प्यांत वाद्याची पारख करण्याची रीत बदलत गेली. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला असून मिरजेच्या तंतुवाद्य-परंपरेशी त्याची तुलना केली आहे. गिटार ज्या शिसवी लाकडातून घडते त्याचा भारताशी असलेला संबंधही तपासला आहे.

बीजशब्द : गिटार, तंतुवाद्ये, कामोठे, धोबी तलाव, मिरज, आयात धोरण, शिसव.

प्रस्तावना

वाद्यांचा इतिहास बहुधा थोर वादकांच्या अंगाने लिहिला जातो. वाद्य कोणी वाजवले, कोणत्या घराण्यात वाजवले, कोणत्या मैफलीत गाजले याची नोंद होते. वाद्य विकत घेणारा, दुकानात दोन वाद्ये शेजारी ठेवून तुलना करणारा आणि पुढे ते घरात जपणारा सामान्य माणूस मात्र या इतिहासाबाहेर राहतो. वस्तुतः एखादे वाद्य समाजात रुजले की नाही, हे मैफलीइतकेच अशा खरेदीवरूनही ठरत असते.

या दृष्टीने कामोठे हे ठिकाण अभ्यासण्यासारखे आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईची आखणी करण्यात आली. खाडीलगतच्या या पट्ट्यातील कामोठे हे मूळ गाव पुढे सेक्टरांत विभागलेले निवासी उपनगर बनले. हार्बर मार्गाची लोकल १९९२ साली वाशीपर्यंत आणि १९९८ साली पनवेलपर्यंत आली. मानसरोवर स्थानकामुळे कामोठे मुंबईशी थेट जोडले गेले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत त्याचा समावेश झाला. मुंबईत नोकरी करणारी, राज्याच्या विविध जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथील लहान सदनिकांत स्थिरावली. अशा कुटुंबातील मुलासाठी घेतले जाणारे पहिले तंतुवाद्य आज पुष्कळदा सतार नसते, तर गिटार असते. हे कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मुंबई परिसरात गिटारच्या मालकीचे टप्पे निश्चित करणे.
२. प्रत्येक टप्प्यात वाद्याची पारख कोणत्या निकषांवर होत होती ते पाहणे.
३. मिरजेच्या तंतुवाद्य-व्यवहाराशी या पद्धतीची तुलना करणे.
४. गिटारच्या लाकडाचा भारताशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

गिटारपूर्वीचे तंतुवाद्य : आगरी-कोळी परिसरातील बेंजो

कामोठे व पनवेल परिसरात गिटार येण्यापूर्वी तारांचे वाद्य नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील आगरी-कोळी समाजाच्या हळदी आणि लग्नाच्या वरातीत वाजणारा 'बेंजो' हे तारांचेच वाद्य आहे. अमेरिकी बँजोशी त्याचे फक्त नावाचे नाते आहे. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली तयार केलेले ताइशोगोतो हे कळांचे वाद्य त्याचे मूळ होय. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारेवर स्वर काढण्याची ही युक्ती भारतात 'बुलबुल तरंग' या नावाने रुळली. पुढे त्याला विजेची जोड मिळाली आणि 'बेंजो पार्टी' उभी राहिली.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, परदेशी वाद्य येथील लोकसंगीतात पूर्णपणे मुरू शकते. त्याच्या परकेपणाची आठवणही उरत नाही. दुसरी, बेंजोची मालकी मुख्यतः पार्टीची, म्हणजे वादकांच्या गटाची असते. वाद्य हे कमाईचे साधन असते आणि त्याची पारख वरातीत, लोकांसमोर होते. घरात एकट्याने शिकण्यासाठी वाद्य विकत घेण्याची कल्पना यापेक्षा निराळी आहे.

पहिला टप्पा : समाजाचे वाद्य

मुंबईत गिटारचा वावर प्रथम गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती समाजात दिसतो. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळत असे. मांडो या गीतप्रकाराच्या साथीला व्हायोलिन आणि घुमट यांच्याबरोबर गिटारही असे. नोकरीसाठी मुंबईत आलेले गोवेकर आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुड्डां'त, म्हणजे सामुदायिक निवासांत राहत. धोबी तलावाचा परिसर, विशेषतः जेर महाल ही इमारत, या कुड्डांसाठी प्रसिद्ध आहे. याच परिसरात पाश्चात्त्य वाद्ये व स्वरलिपीची पुस्तके विकणारी फुर्टाडोस ही पेढी आहे. तिची स्थापना १८६५ सालची आहे. वाद्य, वादक आणि दुकान एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असण्याचे हे उदाहरण मुंबईच्या संगीत-इतिहासात महत्त्वाचे ठरते.

येथे गिटारची पारख कानाने होत असे. खरेदीदार बहुधा स्वतः वाजवणारा असे, निदान त्याच्याबरोबर वाजवणारा कोणी असे. कुड्डासारख्या सामुदायिक जागेत एकाचे वाद्य अनेकांच्या हाताखालून जाणे स्वाभाविक होते. वाद्याचा गुण-दोष नव्या मालकाला शेजाऱ्याकडूनच कळे. हॉटेलांतील नृत्यसंगीत आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांमध्ये गोव्याच्या वादकांनी जे स्थान मिळवले, त्यामागे ही सामूहिक शिक्षणाची पार्श्वभूमी होती.

याच काळात गिटारचा दुसरा प्रवाह भारतात आला. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवली जाणारी हवाईयन गिटार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय झाली. ताउ मो हे हवाई परंपरेतील वादक १९४० च्या दशकात कोलकात्यात वास्तव्यास होते. या गिटारवर स्वरावरून स्वरावर सरकत जाणे शक्य असल्याने मींड हा भारतीय संगीताचा प्राण तिच्यावर साधता आला. वान शिपली व एस. हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धुना गिटारवर वाजवून घरोघरी पोहोचवल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत सिद्ध केले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ध्वनिमुद्रिका विशेष गाजली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये फेरफार करून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. म्हणजेच भारतीय वादकाने गिटार नुसती विकत घेतली नाही, तर आपल्या गरजेनुसार तिची रचनाही बदलली.

दुसरा टप्पा : परवान्याच्या काळातील दुर्मीळ वस्तू

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने आयात परवान्याच्या चौकटीत आणली. १९५६-५७ च्या परकीय चलन संकटानंतर ही चौकट अधिक आवळली गेली. परदेशी वाद्य हे सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने दुर्मीळ झाले. बोटीवर किंवा परदेशी नोकरीला असलेला नातेवाईक, परत जाणारा विदेशी आणि जुन्या वस्तूंचा बाजार असे त्यासाठी मोजकेच मार्ग उरले.

नेमक्या याच काळात गिटारची ओढ मात्र वाढत होती. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील 'दम मारो दम' या गीतातील गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली. 'यादों की बारात' (१९७३) मध्ये नायिकेच्या हाती गिटार दिसली. 'कयामत से कयामत तक' (१९८८) मध्ये महाविद्यालयीन नायक गिटार घेऊन गातो. पडद्यावरील गिटार ही तारुण्याची आणि स्वतःच्या निवडीची खूण बनली. मागणी वाढत असताना पुरवठा रोखलेला, अशी ही परिस्थिती होती.

ही पोकळी देशी कारखान्यांनी भरून काढली आणि त्यांत कोलकाता आघाडीवर होते. तेथील 'गिवसन' या नावाचे 'गिब्सन' या अमेरिकी नावाशी असलेले साम्य बोलके आहे. 'हॉबनर' या देशी नावातही युरोपीय वाद्य-नावांचा प्रतिध्वनी ऐकू येतो. याला केवळ नक्कल म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. ज्या काळात मूळ वस्तू मिळणेच कठीण होते, त्या काळात हजारो विद्यार्थ्यांची बोटे याच देशी गिटारांवर तयार झाली. तथापि या वाद्यांत तारांची उंची फार असणे, पडदे असमान असणे, वरच्या पट्टीत सूर चढणे असे दोष पुष्कळदा आढळत. तुलना करण्यासाठी समोर दुसरे वाद्यच नसल्याने पारखीचा निकष 'मिळते आहे का' एवढाच उरला. शिकणाऱ्याच्या बोटांना त्रास झाला तर दोष वाद्याला न देता विद्यार्थ्याला देण्याची प्रवृत्तीही यातूनच बळावली असावी.

तिसरा टप्पा : खुला बाजार आणि नवे उपनगर

१९९१ साली आर्थिक उदारीकरण सुरू झाले, तरी उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध एकदम उठले नाहीत. जागतिक व्यापार संघटनेतील वादात १९९९ साली भारताच्या विरोधात निर्णय गेल्यानंतर १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी उर्वरित ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठवण्यात आले. त्यानंतर पूर्व आशियात तयार झालेल्या, माफक किमतीच्या गिटार भारतीय बाजारात सहज मिळू लागल्या. नवी मुंबईतील उपनगरे वसण्याचा आणि हा बाजार खुला होण्याचा काळ जवळजवळ एकच आहे. कामोठ्यासारख्या उपनगरातील कुटुंबाला गिटारसाठी धोबी तलावाला जाण्याची सक्ती उरली नाही. पुढे घरबसल्या मागवण्याची सोयही आली. जपानच्या यामाहा कंपनीने चेन्नईजवळ कारखाना उभारून २०१९ साली उत्पादन सुरू केले.

शासनाच्या करव्यवस्थेत मात्र गिटार आणि देशी वाद्ये यांत भेद राहिला. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा देशी बनावटीच्या हस्तनिर्मित वाद्यांना करातून सूट मिळाली. इतर वाद्यांवर २८ टक्के कर बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला.

विपुलतेच्या या काळात तुलनेचे निकष पुन्हा बदलले. आता किंमत, नाममुद्रा, रंग, सोबत मिळणारी पिशवी व पट्टा यांची तुलना होते. गिटार प्रत्यक्ष हातात घेण्यापूर्वीच निवड झालेली असते. वाजवू न शकणारे पालक आणि अद्याप न शिकलेला मुलगा यांनी मिळून केलेली ही खरेदी असते. पहिल्या टप्प्यात असलेला जाणता कान आणि दुकानापर्यंत सोबत येणारा वादक येथे नसतो. परिणामी वाद्य मिळणे सोपे झाले, परंतु ते ओळखणे पूर्वीपेक्षा अवघड झाले, असे म्हणावे लागते.

पारखीचे शास्त्र : तबली, दांडी आणि पावसाळा

गिटारची पारख करण्यासाठी तिची रचना समजून घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील आन्तोनिओ दे तोरेस यांनी आधुनिक अभिजात गिटारचे स्वरूप निश्चित केले. पोलादी तारांची गिटार मुख्यतः अमेरिकेत विकसित झाली आणि त्यात १८३३ साली स्थापन झालेल्या मार्टिन कंपनीचा वाटा मोठा आहे. दोन्ही प्रकारांत आवाजाचा मुख्य भाग वरच्या फळीतून निर्माण होतो. सतारीच्या परिभाषेत तिला तबली म्हणता येईल. ही तबली अखंड लाकडाची असेल तर आवाज मोकळा असतो आणि काळानुसार खुलतो. पातळ थर चिकटवून केलेली प्लायवुडची तबली तुलनेने बंदिस्त आवाज देते, परंतु ती हवामानाचे फेरबदल अधिक सोसते.

कामोठ्याच्या संदर्भात हा भेद केवळ तांत्रिक राहत नाही. अखंड लाकडाच्या वाद्याला सर्वसाधारणपणे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. खाडीकाठच्या या भागात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते. लाकूड ओलावा शोषते, तबली फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. मध्यम-हलक्या पोलादी तारांच्या एका संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम असतो. हा ताण दांडी अहोरात्र सोसत असते. म्हणूनच दांडीत बसवलेली, बाक कमी-जास्त करणारी लोखंडी सळई चालू स्थितीत आहे का, हे पाहणे रंग पाहण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

जाणता खरेदीदार काही साध्या कसोट्या लावतो. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर आणि त्याच जागी तारेला हलका स्पर्श करून निघणारा स्वर एकच आला पाहिजे; तसे न झाल्यास वाद्य वरच्या पट्टीत बेसूर होणार. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून खरखर येते का ते ऐकावे. दांडीच्या कडेने डोळा लावून वाक तपासावा. या कसोट्यांना पैसा लागत नाही. वाद्य हातात घेण्याची संधी मात्र लागते.

मिरजेशी तुलना

महाराष्ट्रात वाद्य-खरेदीची दुसरी एक परंपरा आजही जिवंत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी मिरजेत तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी 'सतारमेकर' ही ओळख निर्माण केली. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळा, तुणीचे लाकूड आणि कारागिराचा कान यांतून तेथील तानपुरा उभा राहतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेतील खरेदीत ग्राहक आणि कारागीर समोरासमोर असतात. स्त्री व पुरुष आवाजांसाठी तानपुऱ्याचे माप वेगवेगळे असते. गायकाची पट्टी विचारली जाते, जवारी त्याच्यासमोर काढली जाते. वाद्य बिघडले तर ते पुन्हा त्याच हातांकडे जाते. मालकी म्हणजे येथे एक दीर्घकालीन संबंध होय. गिटारच्या खुल्या बाजारात हा संबंध तुटतो. वाद्य कोणी घडवले हे ग्राहकाला कळत नाही आणि ते कोणाच्या घरी गेले हे घडवणाऱ्याला कळत नाही. अर्थात, या तुलनेला मर्यादा आहेत. कारागिराच्या हातचा तानपुरा वेळखाऊ आणि महाग असतो. कारखान्यातील गिटारमुळे बेताच्या उत्पन्नाच्या घरातही वाद्य येऊ शकले. हा लाभ नाकारता येणार नाही.

शिसवीचा परतीचा प्रवास

गिटारला परके वाद्य मानणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणारी बाब म्हणजे तिचे लाकूड. उत्तम गिटारच्या पाठीसाठी व कडांसाठी दीर्घकाळ ब्राझीलचे शिसव वापरले जात असे. ब्राझीलमधून पुरवठा कठीण झाल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवीचा स्वीकार केला आणि पुढे जगभरच्या गिटारनिर्मात्यांनी तिला पसंती दिली. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अत्यंत कडक निर्बंध आले, त्यामुळे भारतीय शिसवीचे महत्त्व आणखी वाढले. हे झाड सह्याद्रीचे व दक्षिणेच्या जंगलांचे आहे. मराठी माणसाला ते वाड्यातील शिसवी झोपाळ्यामुळे आणि पलंगामुळे परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कोरीव 'ब्लॅकवुड' सामान याच लाकडातून घडत असे.

२ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण प्रजातीसमूहाचा व्यापार 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवाना-व्यवस्थेखाली आला. तयार वाद्येही त्यात अडकल्याने जगभर वादक व व्यापारी अडचणीत आले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट देण्यात आली. झाडाचे संरक्षण आणि वाद्याचे चलनवलन यांत समतोल साधण्याचा हा प्रयत्न होय.

सह्याद्रीच्या जातीचे लाकूड समुद्रापार जाते आणि तेथे उंची गिटार बनते. त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पनवेल-कामोठे परिसरातील विद्यार्थ्याच्या हाती मात्र बहुधा शिसवीचा रंग दिलेले प्लायवुड येते. कच्चा माल येथला, परंतु त्यातून घडलेली वस्तू येथील सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर, हा वसाहतकालीन अर्थव्यवहाराचा जुना आकृतिबंध वाद्याच्या बाबतीतही काही अंशी टिकून असल्याचे यावरून दिसते.

निष्कर्ष

१. मुंबई परिसरातील गिटारच्या मालकीचे समाजाधिष्ठित, परवानाबद्ध आणि खुल्या बाजाराचे असे तीन टप्पे दिसून येतात.
२. या टप्प्यांत पारखीचा निकष अनुक्रमे कान, उपलब्धता आणि किंमत व नाममुद्रा असा बदलत गेला.
३. उदारीकरणाने वाद्य सामान्य घरात आणले. परंतु वाद्य, वादक आणि विक्रेता यांच्यातील संवाद क्षीण केला.
४. मिरजेच्या परंपरेत टिकलेला हा संवाद नव्या उपनगरांत काही प्रमाणात पुन्हा उभा करणे शक्य आहे. खरेदीच्या वेळी शिक्षकाला सोबत नेणे, जुने वाद्य दुरुस्त करून वापरणे आणि शिकवणीच्या ठिकाणी दोन-तीन प्रकारची वाद्ये हाताळण्यास ठेवणे हे त्याचे सोपे मार्ग होत.
५. बुलबुल तरंग व मोहनवीणा यांचा इतिहास पाहता, वाद्याचे मूळ स्थान त्याच्या आपलेपणाआड येत नाही.

समारोप

कामोठ्यातील अनेक सदनिकांत कपाटावर ठेवलेली, तारांना गंज चढलेली गिटार आढळावी, यात नवल नाही. तिच्याकडे मुलाची धरसोड म्हणून पाहिले जाते. तथापि उंच तारांमुळे बोटे सोलवटणारे, पावसाळ्यात फुगलेले आणि कोणीही तपासून न दिलेले वाद्य शिकणाऱ्याला मागे लोटते, हेही तितकेच खरे आहे. अशी गिटार टाकून देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या हाताने तिची घोडी उतरवून, तारा बदलून पाहिल्या, तर ती पुन्हा वाजू लागण्याची शक्यता असते. वाद्याची मालकी पैसे मोजल्याक्षणी कागदोपत्री सिद्ध होते. ती खऱ्या अर्थाने प्रस्थापित होते ते वाद्य सुरात राहू लागल्यावर. धोबी तलावाच्या कुड्डांत आणि मिरजेच्या कारखान्यांत ही समज सहवासातून मिळत असे. नव्या उपनगरांतील घरांना ती जाणीवपूर्वक मिळवावी लागेल.